पोरगं पुस्तक फाडतंय, गोष्ट सांगू कशी?

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही दारव्ह्याजवळच्या खेड्यात राहतो, मुलगा पावणेदोन वर्षांचा आहे. मोबाईलवर व्हिडिओ येतात की गोष्टीच्या पुस्तकासोबत ॲक्टिव्हिटी करा, पण त्याला लागणारं सामान इथं भेटत नाही अन् परवडतही नाही. पुस्तक घेतलं की हा दोन पानं पलटवतो, एखादं फाडतो अन् पळतो. सासूबाई म्हणतात एवढ्याशा लेकराला कायचं पुस्तक. मी वावरात जाते, संध्याकाळीच वेळ भेटतो. काय करू?

उत्तर: ताई, सामान काहीच विकत आणू नका. अन् दोन पानं पलटवून पळतो ना, ते या वयात बरोबरच आहे, दोन-चार मिनिटं टिकला तरी खूप झालं, धरून आणून बसवू नका. गोष्टीत जे घडतं तेवढंच त्याला हातानं करू द्या, कापणं-चिकटवणं मोठ्या पोरांसाठी राहू द्या.

आता चिऊकाऊचीच घ्या, ही तर सासूबाईंना तोंडपाठ असेल, त्यांनाच सांगायला लावा अन् वऱ्हाडीतच सांगू द्या. अंगणात ओल्या मातीचा ढीग करा, ते काऊचं घर, बाजूला स्टीलची वाटी पालथी घाला, ते चिऊचं. शेण-मेणाचं त्याला आत्ता काही नाही, एक घर वाहून जातं अन् एक राहतं एवढंच पाहायचं असतं. त्याच्या हाती छोटा गडवा देऊन पाऊस पाडू द्या, माती वाहिली की थांबून पाहील अन् लगेच अजून पाणी मागेल. मग तो अन् आजी खोलीत, तुम्ही बाहेरून दार वाजवा, "चिऊताई चिऊताई, दार उघड". आतून आजी म्हणेल "थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालू दे", की ओढणीच्या बाहुलीला खोटं खोटं न्हाऊ घालायचं, मग पुसायचं, मग तीट लावायची, एकेका वाक्याला एकेक काम. काही दिवसांनी "थांब" आजीच्या आधी त्याच्याच तोंडून निघालं तर नवल नाही. काऊला शेवटी चटका बसतो ते मी इतक्या लहान लेकरांना सांगत नाही, काऊ आत येऊन जेवतो, झालं.

रोज तीच गोष्ट मागेल, कंटाळू नका हं, तेच तेच ऐकूनच लेकरं शब्द पकडतात. म्हातारीच्या भोपळ्यासाठी घरचं कोहळं ओसरीत गडगडवा. बैलाचं चित्र आलं तर पुस्तक घेऊनच गोठ्याकडे जा, चित्रातली शिंगं दाखवा मग खरी, लांबूनच. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल घरात असेल तर वर्षभर माळ्यावर कशाला, खेळू द्या त्याला.

फाडण्याचं म्हणाल तर जमल्यास जाड पुठ्ठ्याच्या पानांचं एखादं पुस्तक त्याच्या हाती द्या, बाकीची तुमच्या हातात. फाडायला जुना पेपर द्या अन् तुकडे उडवून पाऊस म्हणा. नवीन गोष्टी हव्या असतील तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठीत फुकट आहेत, पण मोबाईल त्याच्यासमोर धरू नका, तुम्ही वाचून घ्या अन् तोंडानं सांगा. दोन वर्षांच्या आतल्या लेकरांना स्क्रीन नकोच असं जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१९ मध्ये सांगितलंय.

एक मात्र कळकळीनं सांगते. त्या व्हिडिओंत हरभरे, शेंगदाणे, मणी वेगवेगळे करायला देतात, ते इतक्या लहान लेकरांना अजिबात नको, शेंगदाणा श्वासनळीत गेला तर जिवावर बेततं. त्याऐवजी मोठे बटाटे, कांदे, चमचे, वाट्या द्या. पाण्याचा खेळ झाला की बादली रिकामी करून ठेवा. फवारणीच्या औषधाचा डबा कितीही धुतलेला असो, खेळायला देऊ नका. अन् फवारणी चालू असेल त्या दिवशी वावरातून आल्यावर आधी आंघोळ करा, कपडे बदला, मगच त्याला मांडीवर घेऊन गोष्टीला बसा.