टॅकलचे आकडे बाजूला ठेव, पहिली दोन पावलं बघ

तुझी पोस्ट वाचली. अमेरिकन फुटबॉलमधल्या कॉलेजच्या लाइनबॅकरांची (बचावाच्या पुढच्या फळीमागे उभे राहणारे) ड्राफ्टसाठी (एनएफएल या व्यावसायिक लीगचे संघ कॉलेजचे खेळाडू पाळीपाळीने निवडतात ती निवड) क्रमवारी लावायचीय, टॅकल (चेंडूवाल्याला पाडणं), सॅक (पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकला पास सुटायच्या आत पाडणं) आणि 40 यार्डांच्या धावेची वेळ घेऊन मॉडेल तयार आहे, एका संघाच्या इंटर्नशिपच्या अर्जाला नमुना अहवाल जोडायचाय, आणि युनिव्हर्सिटीचं फिल्म ऑफिस ई-मेलला उत्तरच देत नाही. शेवटचं वाक्य वाचून हसू आलं आणि जुना रागही आला, म्हणून लिहायला बसलो. विद्यार्थी आहेस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस. आधीच सांगतो, मी स्काउट (संघांसाठी खेळाडू हेरणारा) नाही. पोट विम्याच्या आकडेमोडीवर चालतं, हे सगळं शनिवार-रविवारचं वेड.

माइक, विल, सॅम (लाइनबॅकरांच्या जागांची नावं) कोण आणि 4-2-5 (बचावाची एक मांडणी) म्हणजे काय, ते तुला येतंच असं धरून चालतो.

मॉडेलमधला टॅकलचा रकाना आज काढून टाक. धावणाऱ्याला डाव सुरू होतो त्या रेषेमागे पाडला तरी एक टॅकल, आणि 8 यार्ड जाऊ देऊन मागून मिठी मारली तरी एकच. ज्याचा संघ वाईट त्याचा बचाव मैदानावर जास्त वेळ, म्हणून त्याचे टॅकलही जास्त. तू म्हणशील, लूक कीकलीचं काय? 2011 मध्ये बॉस्टन कॉलेजकडून त्याने 191 टॅकल केले, 2012 मध्ये नवव्या क्रमांकावर कॅरोलिनात गेला आणि पुढच्याच वर्षी लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. बरोबर. पण तो 191 मुळे मोठा झाला नाही. चेंडू कुठे जाणार हे त्याला इतरांच्या आधी कळायचं, त्यातून ते 191 आले. मॉडेलला यातला फरक कळत नाही.

फरक दिसतो पहिल्या दोन पावलांत. चेंडू स्नॅप झाल्यावर (मागे देऊन डाव सुरू झाल्यावर) लाइनबॅकर गार्डकडे (आक्रमणाच्या पुढच्या फळीतला ब्लॉकर, म्हणजे बचावपटूला अडवणारा) बघतो की बॅकफिल्डमधल्या, म्हणजे त्या फळीमागच्या, गडबडीकडे? गार्ड पुल झाला (जागा सोडून बाजूला धावला) तर त्याच्याबरोबर सरकतो की आधी एक पाऊल उगाच मागे टाकतो? कबड्डीत जुना कोपरारक्षक रेडरच्या हातवाऱ्यांकडे न बघता कमरेकडे बघतो ना, तेच इथे.

आता ऑफिसची गोष्ट. ही दोन पावलं नीट दिसतात ती एंड झोनच्या, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्याच्या, मागून घेतलेल्या फिल्ममध्ये. एनएफएल सामन्यांची ऑल-22 (बावीसही खेळाडू दिसणारी फिल्म) वर्गणी भरून बघता येते, पण कॉलेजची तशी फिल्म आपल्यासारख्यांना सहसा मिळत नाही. मीही तुझ्यासारखाच अहवाल लिहीत होतो. एका मोठ्या युनिव्हर्सिटीच्या क्रीडा विभागाला रीतसर विनंती केली. त्यांनी मीडियावाल्यांकडे पाठवलं, मीडियावाल्यांनी व्हिडिओवाल्यांकडे, व्हिडिओवाल्यांनी कम्प्लायन्सकडे (नियमपालन विभागाकडे), आणि कम्प्लायन्सने एक फॉर्म दिला, ज्यात मान्यताप्राप्त वृत्तसंस्थेचं नाव लिहिल्याशिवाय पुढचं पानच उघडेना. फोन केला की सांगायचे, प्रक्रियेत आहे. शेवटी ‘विनंती विचाराधीन आहे’ असं पत्र आलं ते मे महिन्यात. ड्राफ्ट एप्रिलमध्ये उरकलेला! फिल्म देणं त्यांना बंधनकारक नाही, मान्य. पण नाही म्हणायचं तर पहिल्या दिवशी म्हणा ना, माणूस दुसरी वाट धरेल. त्यांच्या भरवशावर हिवाळा गेला आणि अहवाल टीव्हीच्या फुटेजवर उरकावा लागला. मुलाखतीत समोरच्याने एकच विचारलं, पासच्या वेळी हा मागे सरकला तेव्हा त्याची नजर क्वार्टरबॅकवर होती की रिसीव्हरवर (पास झेलणाऱ्यावर)? टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे गेलेला, लाइनबॅकर चौकटीबाहेर. तिथेच संपलं.

म्हणून त्या ऑफिसची वाट बघू नकोस. एक ई-मेल पुरे, दुसरा नको. टीव्हीच्या फुटेजमध्ये स्नॅपनंतरचा पहिला सेकंद बहुतेक वेळा दिसतो, तेवढाच काप. रिप्ले बरेचदा मागच्या कोनातून असतो, तो सोडू नकोस. कॉलेजच्या राष्ट्रीय अंतिम सामन्याला ईएसपीएन चॅनल मेगाकास्टमध्ये (एकाच सामन्याची अनेक प्रक्षेपणं) स्कायकास्टसारखे (मैदानावर तारेवरून फिरणारा कॅमेरा) वेगळे कॅमेरे देतं, ते सोनं आहे. आणि जिथे दिसलं नाही तिथे अहवालात ‘दिसलं नाही’ असं सरळ लिही. अंदाज नको.

आरपीओचे डाव (धाव की पास, हे क्वार्टरबॅक डाव सुरू झाल्यावर ठरवतो) वेगळ्या रकान्यात टाक, हे मात्र विसरू नकोस. कॉलेजात पास सुटण्याआधी आक्रमणाच्या पुढच्या फळीतला लाइनमन 3 यार्डांपर्यंत पुढे जाऊ शकतो, एनएफएलमध्ये 1. समोरून गार्ड धावून येतोय म्हटल्यावर लाइनबॅकर पुढे येणारच, आणि चेंडू डोक्यावरून जातो. टीव्हीवर पोरगा फसलेला दिसतो, पण निम्मा दोष नियमाचा असतो. हॅश मार्कचंही (मैदानावरच्या खुणांच्या दोन रांगा, डाव त्यांच्यावर किंवा त्यांच्यामधून सुरू होतो) तसंच. दोन हॅशमधलं अंतर कॉलेजात 40 फूट, एनएफएलमध्ये 18 फूट 6 इंच. कॉलेजात एका बाजूला केवढं तरी मोकळं मैदान उरतं, त्यामुळे तिथे पळून झाकलेल्या चुका आणि तिथे उघड्या पडलेल्या चुका, दोन्ही तपासून घ्याव्या लागतात.

मग त्याच्या पुढे कोण उभं होतं ते बघ. जॉर्जिया युनिव्हर्सिटीचा 2021 चा बचाव आठव. पुढच्या फळीतले ट्रॅव्हॉन वॉकर, जॉर्डन डेव्हिस आणि डेव्हॉन्टे वायट तिघेही पहिल्या फेरीत गेले. असली भिंत पुढे असली की लाइनबॅकरच्या अंगाला ब्लॉकर लागतोच कुठे? बटकस पुरस्कार (कॉलेजच्या सर्वोत्तम लाइनबॅकरचा) मिळाला नकोबी डीनला, पण 2022 च्या ड्राफ्टमध्ये त्याच्याच शेजारी खेळणारा उंच क्वे वॉकर 22 वा गेला आणि डीन 83 वा. म्हणून अशा संघाच्या खेळाडूचे ‘ब्लॉकर अंगावर आला’ एवढेच डाव निवडून बघ. थोडेच सापडतील, पण कामाचे तेच.

40 यार्डांच्या वेळेवर माझा विशेष राग आहे, त्यामुळे पुढचं जरा हातचं राखून वाच. क्लेम्सनचा आयझाया सिमन्स 4.39 धावला. कॉलेजात तो सेफ्टी (सगळ्यात मागे), स्लॉट (आतल्या रिसीव्हरसमोर), लाइनबॅकर सगळीकडे उभा राहायचा. 2020 मध्ये ॲरिझोनाने त्याला आठवा घेतला आणि 2023 मध्ये ड्राफ्टच्या सातव्या फेरीतल्या एका निवडीच्या बदल्यात जायंट्सना देऊन टाकला. फ्रेड वॉर्नरही बीवाययूत (ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटी) बाहेरच्या बाजूला, मोकळ्या जागेतच खेळायचा. 2018 मध्ये 70 वा गेला, सॅन फ्रान्सिस्कोने मधे उभा केला आणि आज त्याच्याशी इतरांची तुलना होते. झॅक बॉन विस्कॉन्सिनला क्वार्टरबॅकवर धावून जायचा. 2020 मध्ये 74 वा गेला, न्यू ऑर्लीन्समध्ये कोपऱ्यात पडून राहिला, आणि 2024 मध्ये फिलाडेल्फियात बचावाचा कोच विक फँजिओने आत आणल्यावर ऑल-प्रो (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत) झाला. सगळा वाटा जागेचाच होता असं मी म्हणणार नाही. पण अहवालात ‘याला कॉलेजात काय काम दिलं होतं’ हा परिच्छेद नसेल तर मी तो अहवाल पुढे वाचत नाही.

उंची-वजन कॉलेजच्या यादीतून उचलू नकोस, तिथे इंच वाढवून लिहिण्याची पद्धत आहे. इंडियानापोलिसच्या कंबाइनमध्ये (ड्राफ्टआधीच्या चाचण्यांत) मोजलेलंच घे, हातांच्या लांबीसकट. मोबाइल शहरातल्या सीनियर बोलच्या (ड्राफ्टआधीचा निवडक कॉलेज खेळाडूंचा सामना) सरावात लाइनबॅकर आणि रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) समोरासमोर येतात, त्याच्या क्लिप ठेव. पण तिथे रनिंग बॅकला सगळं मैदान मोकळं असतं, तेव्हा एखादा मार खाल्ला म्हणून लगेच नाव खोडू नकोस.

अहवाल तीन खेळाडूंचा पुरे, दहांचा नको. त्यातला एक असा घे ज्याच्याबद्दल तुझं मत लोकांपेक्षा वेगळं आहे, कारण मुलाखतीत प्रश्न त्याच्यावरच येतात. नावं ठरली की इथेच टाक. मी बघेन, फक्त शनिवारी विचारू नकोस, त्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत सामने असतात.