दोन वर्षांची मुदत

प्रश्न : मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. गायनात विशारद पूर्ण झाली. टीव्हीच्या स्पर्धेसाठी दोनदा ऑडिशन दिली, पुढे गेली नाही. आता म्हणते, शाळेत संगीत शिकवणार. मी तिला दोन वर्षं दिली आहेत. मैफली मिळाल्या तर ठीक, नाहीतर बँकेच्या परीक्षा. मास्तरकीसाठी एवढा खर्च केला नव्हता. एम.ए. करून काही फायदा?
– एक वडील, मुलुंड

उत्तर : तुमच्या लांबलचक पत्रात तिचे दहावीपासूनचे टक्के आहेत, तानपुऱ्याची किंमत आहे. तिला शिकवावंसं का वाटतं, यावर एक ओळ नाही. रात्री ती रियाजाला बसली की तुम्ही बाहेरून मोबाइलवर रेकॉर्ड करता आणि सकाळी चहाबरोबर चुका ऐकवता, हेही तुम्हीच कौतुकाने लिहिलंय. ते आधी बंद करा. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर मुदत आणि दाराबाहेर तपासनीस! मी असते तर एव्हाना गाणंच सोडलं असतं. आणि खयाल, म्हणजे शास्त्रीय गाणं, गाणाऱ्याचं नाव दोन वर्षांत होतं, हे तुम्हाला सांगितलं कुणी?

आता ‘मास्तरकी’. ज्याला मैफल मिळत नाही तो शिकवतो, हा समज आपल्याकडे फार घट्ट आहे. विष्णु दिगंबर पलुस्कर मैफली गाजवणारे गवई होते. त्यांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, पुढे ते मुंबईत आणलं आणि तिथून गाणारे-शिकवणारे शिष्य देशभर पाठवले. त्यातलेच प्रा. बी. आर. देवधर. ऑपेरा हाउसजवळच्या त्यांच्या शाळेत कुमार गंधर्व शिकले. यातलं कुणी गाणं जमेना म्हणून मास्तर झालं होतं का?

उलट विशारद झाली म्हणजे शिकवता येईलच, असंही नाही. पन्नास मुलांचा पाचवीचा वर्ग, पस्तीस मिनिटांचा तास, त्यातली दहा मिनिटं पेटी उघडून मुलं गप्प होईपर्यंत जातात. तिने स्वतःच्या सवयीची काळी चार ही पट्टी धरली, तर मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला प, मुलांच्या गळ्यात उतरतच नाही. मागचे बाक नुसते गुरगुरतात. पट्टी वर उचलायची, आलाप बाजूला ठेवायचा, टाळीवर केरवा ताल बसवायचा. हे कुठल्याही परीक्षेत विचारत नाहीत. शाळांमधून कार्यक्रम करायचे तर तेही असंच वेगळं कसब. स्पिक मॅके ही संस्था 1977 पासून शाळा-कॉलेजांत कलाकारांना घेऊन जाते. तिथे गाता गाता समजावून सांगावं लागतं.

पैशाचं खरं सांगते. खासगी शाळांत बऱ्याचदा करारावरची किंवा तासिकेची नोकरी मिळते. म्हणून बरेच जण दोन-तीन दिवस शाळा, संध्याकाळी शिकवण्या आणि जमतील तसे कार्यक्रम, अशी मोट बांधतात. तीच या क्षेत्रातली रीत आहे, अपयश नव्हे.

एम.ए. मुंबई विद्यापीठात होतं, एसएनडीटी महिला विद्यापीठातही होतं. शाळेच्या कायम जागेसाठी जाहिरातीतली पात्रता नीट वाचावी. पण ते नंतर. आधी तिला जवळच्या एखाद्या शाळेत महिनाभर, आठवड्याला दोन तास, विनामोबदला वर्ग घेऊ द्या. तुम्ही तिथे जायचं नाही.

महिन्याने वर्ग कसे गेले ते मला कळवा. म्हणजे तिने कळवावं.