थंडी पडली की सोरायसिस उसळतो. रोजच्या जगण्यात काय सांभाळावं?

तुम्ही विचारलंय, दिवाळी सरली की कोपर-गुडघ्यांवर सोरायसिसचे लाल, खपलीचे चट्टे उठतात, उन्हाळ्यात विझतात, तर वर्षभर हे ताब्यात कसं ठेवायचं. मी परभणीकडचा, कापूस-सोयाबीनवाला. 14 वर्षं झाली हे दुखणं अंगावर आहे. डॉक्टर नाही, त्यामुळं गोळ्यांचा डोस त्यांनाच विचारा.

आधी माझा गाढवपणा ऐका. आमच्याकडं खपली दिसली की गजकर्ण ठरवून मोकळे होतात. मीही मेडिकलवरची ट्यूब दोन वर्षं चोळली. मग आठवडी बाजारातल्या एका वैदूच्या पुड्या घेतल्या. आठ दिवसांत कातडी साफ! चार महिन्यांनी पुड्या संपल्या, बाजार हुकला, अन् पंधरा दिवसांत डोक्यापासून पायापर्यंत अंग लालभडक, वरून हुडहुडी. दवाखान्यात भरती व्हावं लागलं. डॉक्टर म्हणाले, पुडीत स्टिरॉइड असणार, म्हणजे लाली-सूज झटक्यात दाबणारं औषध. ते एकदम तुटलं की सोरायसिस असा पेटतो. तेव्हा कुणाच्या पुडीनं झटक्यात गुण आला, तर आनंद नको, शंका घ्या. आणि घेत असाल तर मनानं बंद करू नका, आधी डॉक्टरला दाखवा.

दुसरा शत्रू आपलेच हात. चांगली कातडी साधारण महिन्याभरात नवी होते, आपल्या चट्ट्यांवर तेच काम तीन ते पाच दिवसांत उरकतं, म्हणून थर साचतो. मी न्हाणीत दगडानं घासून तो काढायचो, खाली रक्ताचे बारीक ठिपके. पण कातडी जिथं दुखावते तिथंच नवा चट्टा उगवतो. कापूस वेचताना बोंडांच्या वाळक्या टोकांनी मनगटावर ओरखडे पडले, दोनेक आठवड्यांनी त्याच रेघेत चट्टे. कमरेभोवती गोल पट्टा उठला, तो कशाचा, हे बरेच दिवस कळलंच नाही. करदोड्याचा!

आता आंघोळ कोमट पाण्यानं, पाच मिनिटांत. आमच्या बोअरचं पाणी जड, त्यात साबण जास्त लावला की अंग तडतडतं. टॉवेल टिपायचा, रगडायचा नाही, आणि अंग ओलसर असतानाच व्हॅसलीन किंवा खोबरेल. रात्री परत एकदा. थंडीत हे एक दिवसही चुकवत नाही. कोवळं ऊन दहा-पंधरा मिनिटं बरं, पण एप्रिल-मेचं ऊन नको, कातडी भाजली की तिथंही उठतो.

दारू-तंबाखू टाळायची, हे तुम्हाला माहीतच आहे. घसा दुखून ताप आला तर अंगावर काढू नका, त्यानंही चट्टे उसळतात. बीपीच्या काही गोळ्यांनीही हे वाढतं, म्हणून चालू गोळ्यांची पाकिटं डॉक्टरला दाखवा. मेथोट्रेक्सेट (सोरायसिसवरचं एक औषध) दिलं असेल तर ते आठवड्यातून एकदाच असतं, रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. मी कॅलेंडरवर रविवारी गोल करतो. सकाळी बोटं आखडत असतील तर तेही सांगा. हे दुखणं सांध्यात उतरू शकतं.

आणि हो, हे शिवल्यानं पसरत नाही. तरी न्हावी माझ्यासाठी वेगळा टॉवेल काढायचा, ते बरीच वर्षं सलायचं.

करदोडा सोडायला आई तयार नव्हती. शेवटी डॉक्टरांनीच तिला समजावलं. आता तो देवघरातल्या खुंटीला आहे.