इंग्लंडमधलं स्टोक-ऑन-ट्रेंट हे शहर चिनी मातीच्या भांड्यांसाठीच का ओळखलं जातं?

मुख्य कारण कोळसा. भांडी भाजायला मातीपेक्षा कोळसा कितीतरी जास्त लागायचा आणि तो इथे जमिनीखालीच होता. म्हणून पांढरी माती दूरच्या कॉर्नवॉलहून आणणंही परवडायचं. जोसाया वेजवुड या कुंभाराने १७५९ मध्ये बर्स्लेमला, म्हणजे आताच्या स्टोकच्याच एका भागात, भांड्यांचा कारखाना काढला. खडबडीत रस्त्यांवर घोड्यांच्या पाठीवरून जाताना माल फुटायचा, म्हणून त्याने कालव्यासाठी जिवाचं रान केलं. ट्रेंट-मर्सी कालवा १७७७ मध्ये पूर्ण झाला आणि धंदा फोफावला. पण बाटलीच्या आकाराच्या त्या भट्ट्यांच्या धुराने आणि कारखान्यांतल्या धुळीने कामगारांची फुप्फुसं पोखरली. भांड्यांचं कौतुक करताना ते विसरू नये, असं मला मनापासून वाटतं. सहा गावं एकत्र होऊन स्टोक १९१० मध्ये बनलं. शहराचा दर्जा १९२५ मध्ये मिळाला.