विचारा की! : राजवाड्यातली मैफल, टाळ्या आणि खोकला

गेल्या अंकात मी लेकीकडे व्हिएन्नाला गेले होते तेव्हा शॉनब्रुन राजवाड्याच्या आवारात ऐकलेल्या कॉन्सर्टबद्दल पानभर लिहिलं, आणि मनात म्हटलं नाशिकमध्ये हे कोण वाचणार. तर पत्रं आली, मेसेज आले, भाजी घेताना दोघींनी हात धरून थांबवलं. अर्धं कॉलेज रोड यंदा युरोप टूरला निघालंय बहुतेक! सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते घेतलेत.

"ताई, आम्ही दोघं जूनमध्ये टूरला जातोय. व्हिएन्नात संध्याकाळी 'पॅलेस कॉन्सर्ट' ऑप्शनल आहे, त्याचे वेगळे पैसे. आम्हाला इंग्लिश संगीतातलं ओ की ठो कळत नाही. हे खरंच राजवाड्यात असतं का, आणि पैसे वसूल होतात का?" – बँकेतून रिटायर झालेले काका, गंगापूर रोड

काका, आधी एक, तिथे जाऊन त्याला इंग्लिश संगीत म्हणू नका हो, ती जर्मन बोलणारी माणसं आहेत, आपल्या लावणीला कोणी गरबा म्हटलं तर कसं वाटेल तसं होईल.

आता राजवाड्याचं. शॉनब्रुनमध्ये १४४१ खोल्या आहेत, पण रात्रीची कॉन्सर्ट त्यातल्या कुठल्या झुंबरवाल्या महालात नसते, ती असते आवारातल्या ऑरेंजरीत. ऑरेंजरी म्हणजे मुळात संत्र्या-लिंबाच्या कुंड्या थंडीत आत आणून ठेवायची जागा, जमिनीखालून गरम हवा फिरवून झाडं जगवायचे. लांबी जवळपास १९० मीटर आणि रुंदी फक्त दहाएक मीटर, म्हणजे नाशिकरोडचा प्लॅटफॉर्मच समजा, अर्थात आपण बसतो तो त्यातला एक तुकडा. मला पहिल्यांदा ऐकून जरा फसवल्यासारखंच वाटलं होतं, झाडांच्या गोडाऊनमध्ये बसवलं म्हणून. पण मग जावयांनी सांगितलं की ७ फेब्रुवारी १७८६ ला सम्राट जोसेफ दुसरा याने इथेच मेजवानी दिली होती, दोन टोकांना दोन स्टेज, एकावर संगीतकार मोझार्टचा छोटा संगीत प्रयोग आणि दुसऱ्यावर त्याच्याच काळातल्या सालिएरी या दुसऱ्या संगीतकाराचा, म्हणजे जुगलबंदीच की! भर थंडीत गरम जागा हीच असणार ना, म्हणून इथे.

पैसे वसूल होतात का? होतात, पण काय घेताय ते माहीत पाहिजे. ही रोजची कॉन्सर्ट पर्यटकांसाठी असते, पहिल्या भागात मोझार्ट, दुसऱ्यात स्ट्राउस, प्रत्येकाचे लोकांना आवडणारे तुकडे, मधेच दोन गायक येतात, नाचणारं जोडपं येतं. आपल्याकडे 'नाट्यसंगीत रजनी' असते ना, तसं. सवाईला बसून अख्खा मारवा ऐकण्यासारखं नाही. काही जाणकार लोक नाकं मुरडतात. मी नाही मुरडत, माझ्या आईला गाण्याची गोडी अशाच एका रजनीत लागली होती.

तिकिटाचं मात्र बघा. स्टेफान कॅथीड्रलच्या आसपास मोझार्टसारखा लाल कोट आणि पांढरा विग घातलेली पोरं तिकिटं विकत फिरतात, गोड बोलतात, आणि 'पॅलेस' हा शब्द फार सैल वापरतात. व्हिएन्नात पॅलेस म्हणजे राजाचाच असं नाही, सरदारांच्या शहरातल्या मोठ्या वाड्यांनाही 'पाले' म्हणतात. ते वाडेही काही कमी नाहीत हं, बीथोवेनची तिसरी सिम्फनी (म्हणजे अख्ख्या ऑर्केस्ट्रासाठी केलेली मोठी रचना), एरोइका, सार्वजनिक हॉलमध्ये व्हायच्या आधी १८०४ मध्ये लोबकोवित्झ नावाच्या सरदाराच्या अशाच वाड्यात वाजली होती. पण जागा नक्की कुठली ते छापील तिकिटावर वाचून मगच पैसे द्या. मी एकदा एका हॉलचं सगळ्यात स्वस्त तिकीट घेतलं आणि दीड तास एका खांबाची नक्षी पाठ केली.

"मी गाणं शिकते, विशारदची तयारी चालू आहे. व्हिडिओत बघितलं, तिकडे मधेच टाळी वाजवली की लोक वळून असं बघतात की माणूस मेला पाहिजे. इतका कडकपणा का? आणि नक्की टाळी वाजवायची कधी?" – पंचवटीची विद्यार्थिनी

अगं, तू माझ्या जखमेवरच बोट ठेवलंस. मी तिथे चक्क मोठ्यांदा 'वाह' म्हणाले होते. एका संथ जागेवर व्हायोलिनवाल्या बाईंनी स्वर इतका हळू सोडला की तोंडातून गेलंच, आपल्याला सवय असते ना दाद द्यायची, दाद नाही दिली तर गायकाला वाटतं समोर पोती ठेवलीत. पुढच्या रांगेतल्या तीन माना एकदम वळल्या. लेकीने माझा हात दाबला. पुढचा अर्धा तास मी तो हात सोडवत होते.

नियम सोपा आहे. एका रचनेचे तीन-चार भाग असतात, मूव्हमेंट म्हणतात त्याला, आणि दोन भागांमध्ये जी शांतता येते ती शेवट नसतो. छापील प्रोग्रॅम घे, त्यात भाग मोजून दिलेले असतात. मोजण्यात चुकलीस तर बाकीचे वाजवतील तेव्हा वाजव, घाई कोणाला आहे.

पण हा कडकपणा कुठून आला ते ऐक, कारण मला हे कळल्यावर माझी ती 'वाह'ची लाज निम्मी गेली. मोझार्ट १७७८ मध्ये पॅरिसला होता, तिथल्या तुईलरी राजवाड्यातल्या हॉलमध्ये त्याची सिम्फनी झाली १८ जूनला, आणि त्याने वडिलांना पत्रात लिहिलंय की पहिल्याच भागात एक जागा अशी होती जी लोकांना आवडणार हे मला माहीत होतं, आणि तिथे लोकांनी वाजवणं चालू असतानाच टाळ्या पिटल्या! म्हणजे आपल्या तिहाईला पडतात तशा. शेवटचा भाग त्याने मुद्दाम फक्त व्हायोलिनच्या दबक्या आवाजात सुरू केला, लोक एकमेकांना श्श करायला लागले, आणि मग सगळा ऑर्केस्ट्रा एकदम घुसला की पुन्हा टाळ्या. हे त्याला आवडलं, राग नाही आला. संपल्यावर खुशीत जाऊन त्याने आइस्क्रीम खाल्लं असंही लिहिलंय. (त्याच पत्रात आई खूप आजारी आहे असंही लिहिलंय, आणि खरं तर ती त्या रात्री गेलेली होती, वडिलांना धक्का बसू नये म्हणून लपवलं. मला ते आइस्क्रीम आठवलं की हे पण आठवतं.)

तर हे संगीत ज्यांनी केलं त्यांच्या काळात लोक बोलायचे, टाळ्या द्यायचे, राजेसाहेब तर जेवतसुद्धा असायचे. ही देवळासारखी शांतता नंतरची, एकोणिसाव्या शतकात हळूहळू रुजलेली. आणि वाजवणारा कोण होता म्हणशील तर पगारी नोकर. हायडन नावाचा संगीतकार १७६१ मध्ये एस्टरहाझी या सरदार घराण्याकडे लागला तेव्हा त्याच्या करारातच होतं की पांढरे मोजे घालायचे, केसांना पावडर लावायची, आणि रोज दोनदा बाहेरच्या दालनात उभं राहून विचारायचं की आज संगीताचा हुकूम आहे का. मोझार्टला त्याच्या साल्झबुर्गच्या आर्चबिशपकडे जेवायला कुठे बसवायचे माहितीये? खाजगी नोकरांच्या खाली आणि आचाऱ्यांच्या वर. १७८१ मध्ये त्याने ती नोकरी सोडली आणि जाताना त्या दरबारातल्या एका काउंटने त्याला खरोखर लाथ घातली. आपल्याकडे काय वेगळं होतं, अल्लादिया खाँसाहेबांएवढा माणूसही कोल्हापूर दरबारच्या नोकरीतच होता, फक्त शाहू महाराजांसारखा धनी सगळ्यांच्या नशिबात नव्हता.

हायडनची एक गोष्ट सांगते, ही तू तुझ्या क्लासमध्ये पण सांग. १७७२ ला त्याचे एस्टरहाझी राजेसाहेब उन्हाळ्याच्या राजवाड्यातून हलेनातच, वादकांची बायकामुलं दुसऱ्या गावात, सगळे कंटाळलेले. तोंडाने बोलायची सोय नाही. मग हायडनने सिम्फनीच अशी लिहिली की शेवटच्या भागात एकेक वादक आपलं वाजवून मेणबत्ती विझवतो आणि उठून जातो, शेवटी दोनच व्हायोलिनं उरतात. राजेसाहेब समजले, दुसऱ्या दिवशी बाडबिस्तरा बांधायचा हुकूम. 'फेअरवेल' म्हणतात त्या सिम्फनीला. रजेचा अर्ज इतका सुरेल मी दुसरा ऐकलेला नाही.

"सासरे हार्मोनियम वाजवतात. त्यांना मी घरी मोझार्ट लावून दिला तर म्हणाले 'सम कुठाय? तबला कुठाय? हे सगळे एकाच वेळी का बोलतात?' त्यांना घेऊन जातोय, काय सांगू?" – इंदिरानगर

तुमच्या सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा, प्रश्न अगदी बरोबर आहेत. 'सगळे एकाच वेळी का बोलतात' हाच तर तिकडचा खेळ आहे. आपला एक सूर पुढे जातो आणि बाकी सगळे त्याच्या मागे, त्यांच्याकडे चार सूर एकमेकांवर रचून इमारत उभी करतात. तेव्हा वरच्या व्हायोलिनच्या मागे न लागता पाच मिनिटं फक्त चेलो ऐका म्हणावं, खाली जाड आवाजात काय चाललंय ते. हार्मोनियमवाल्याला ते लवकर कळेल, डावा हात मोकळा असता तर काय काय केलं असतं असं त्याला नेहमी वाटतच असतं.

समेऐवजी परतणं ऐकायचं. सुरुवातीची चाल नीट लक्षात ठेवायची, मग ती मोडतात, दुसऱ्या पट्टीत नेतात, भरकटवतात, आणि मग ती घरी परत येते. तो परतण्याचा क्षण पकडला की मान आपोआप हलते. आणि स्ट्राउसचा वॉल्ट्झ, म्हणजे जोडीने नाचायची चाल, आला की काळजीच नको, तीन-तीनच्या मोजणीत दादराच धरा, धा धिं ना धा तिं ना, मांडीवर बोट ठेवून. त्यातला 'ब्ल्यू डॅन्यूब' हा वॉल्ट्झ १८६७ चा आहे आणि सासऱ्यांनी तो कुठे ना कुठे ऐकलेला असणारच.

अजून एक, सुरू व्हायच्या आधी जे जुळवणं चालतं ते चुकवू नका. ओबो नावाचं वाद्य एक सूर देतं आणि सगळे त्याला लावून घेतात. तो सूर आपल्या हिशोबाने पांढरी सहा, आणि व्हिएन्नात तो जगाच्या ठरलेल्या, सेकंदाला ४४० कंपनांपेक्षा किंचित चढा, ४४३ ला लावतात. आपल्याकडे गायकाप्रमाणे पट्टी बदलते, इथे सगळ्यांचं घड्याळ एक. माझ्यासाठी ते अर्धं मिनिट म्हणजे तंबोरे जुळतानाचंच सुख.

"साडी चालेल का? चपला कुठे काढायच्या?" – सिडको

साडी धावेल. चपला काढू नका. कोट आणि मोठ्या बॅगा मात्र बाहेर गार्डरोबला देतात, टोकन मिळतं, ते हरवू नका.

"सात वर्षांचा मुलगा आहे, दोन तास बसणार नाही. आणि चौघांचं तिकीट म्हणजे खिशाला भोक. काय करावं?" – सातपूर

मुलाला दिवसा राजवाडा दाखवा आणि सांगा की १७६२ मध्ये मोझार्ट नावाचा सहा वर्षांचा एक मुलगा इथे महाराणी मारिया थेरेसासमोर वाजवून गेला. सात वर्षांच्याला सहा वर्षांच्याचा फार राग येतो, बघा लगेच लक्ष देतो की नाही.

आणि पैशांचं म्हणाल तर व्हिएन्ना फिलहार्मोनिक, म्हणजे तिथला सगळ्यात नावाजलेला ऑर्केस्ट्रा, २००४ पासून दरवर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला शॉनब्रुनच्या बागेत उघड्यावर वाजवतो, आणि ते फुकट असतं. तारीख बघून ट्रीप ठरवा, लवकर जाऊन जागा धरा, यू-फोर मेट्रोने शॉनब्रुन स्टेशनला उतरायचं. खुर्चीची आशा नको. पोरगं कंटाळलं तर गवतावर झोपेल.

"हे सगळं ठीक आहे, पण आपल्या सरकारवाड्यात अशी मैफल का नाही होत? तिकडे जाऊन कशाला ऐकायचं?" – जुन्या नाशकातले वाचक

प्रश्न रागाने विचारलाय पण मला आवडला. सराफ बाजारातून जाताना मीही तो पेशवाईतला वाडा बघून हेच म्हणते. लाकडी खांब, मधे चौक, तीस-चाळीस माणसं, माइक नाही, एक सारंगी. आवाज काय बसेल! तिकडच्या जुन्या वाड्यांना आज तिकिटाचे पैसे मिळतात ते गाण्यावरच, हे आपल्या लोकांना कोणीतरी दाखवलं पाहिजे.

पण एक सांगू का, नाशिकने याच्या उलटं काम आधीच केलेलं आहे. विष्णु दिगंबर पलुस्कर बुवांनी गाणं राजवाड्यातून बाहेर काढलं, १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते कुठल्या राजाच्या जिवावर नाही, लोकांच्या पैशावर, आणि पुढे त्यांनी आपल्या पंचवटीत रामनाम आधार आश्रम थाटला. त्यांचे चिरंजीव द. वि. पलुस्कर १९२१ मध्ये नाशिकलाच जन्मले. आपली पाडवा पहाट पिंपळपारावर होते, भल्या पहाटे, रस्त्यावर, सतरंजीवर, मागून दूधवाला जातो, कोणी तिकीट मागत नाही. त्या ऑरेंजरीत बसून मला खरं तर पिंपळपाराचीच आठवण येत होती, हे मी गेल्या अंकात लिहिलं नव्हतं.

"मला कोरडा खोकला आहे. जाऊ का?" – देवळाली कॅम्प

जा. खडीसाखर न्या, कागदात गुंडाळलेली गोळी नको, तो कागद उघडताना जो चर्र आवाज होतो तो खोकल्यापेक्षा लांब जातो. न्यायचीच असेल तर आधीच सोलून रुमालात ठेवा. उबळ आलीच तर दोन भागांमधल्या त्या शांततेपर्यंत धरा, तिथे बघाल, अख्खा हॉल एकदम खोकतो, राजरोसपणे. आणि हो, सोबत चिवडा नेऊ का असंही तुम्ही खाली बारीक अक्षरात विचारलंय. नाही काका, तो हॉटेलवर.