अकरा वर्षं झाली, आता बदलायलाच हवं का?

"मॅडम, अकरा वर्षं झाली. मुदत संपली ना हो?" ताईंनी खुर्चीत टेकायच्या आधीच विचारलं. स्तनाच्या कॅन्सरनंतर त्यांना उजव्या बाजूला सिलिकॉनचं इम्प्लांट (शरीरात बसवलेला कृत्रिम स्तन) बसवलेलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) जाऊबाई म्हणाल्या होत्या, गॅसची नळी पाच वर्षांनी बदलतो ना, तसं हे दहा वर्षांनी बदलावंच लागतं. तेव्हापासून झोप उडालेली.

अशी ठरलेली मुदत नसते. जन्मभर टिकेल असंही नाही. वर्षं सरतात तशी फाटण्याची, कडक होण्याची शक्यता वाढते. पण नुसतं कॅलेंडर बघून ऑपरेशन करत नाहीत. सलाइनचं, म्हणजे मिठाच्या पाण्याने भरलेलं इम्प्लांट फुटलं तर स्तन बसतो, लगेच कळतं. सिलिकॉनचं फाटलं तरी बऱ्याचदा बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून अमेरिकेच्या एफडीएचा (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) 2020 पासूनचा सल्ला असा, की पाच-सहा वर्षांनी पहिली एमआरआय किंवा सोनोग्राफी करावी आणि मग दर दोन-तीन वर्षांनी. ताईंनी एकदाही केली नव्हती. "दुखत नव्हतं, मग कशाला?"

"दुखणं सोडा. काही बदललंय का?"

त्या पदर सारखा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "दगडासारखं झालंय. वर सरकलंय. दोन वर्षं त्या कुशीवर झोपले नाही."

"सांगितलं का नाही?"

"जीव वाचलाय. त्यात आणखी तक्रार कसली करायची?"

हे वाक्य मी इतक्या बायकांकडून ऐकलंय की आता राग येतो, त्यांचा नाही.

इम्प्लांटभोवती शरीर स्वतःचं एक आवरण तयार करतं. कधी ते आवळत जातं. ताईंनी शेक घेतले होते (रेडिएशनला आमचे पेशंट शेकच म्हणतात), त्याने हा धोका वाढतो. आणखी एक गोष्ट मी प्रत्येकीला सांगते: काही वर्षांनी एक बाजू अचानक सुजली, तर थांबू नका. क्वचित तो एक प्रकारचा लिम्फोमा (रोगप्रतिकारक पेशींचा कॅन्सर) असतो, मुख्यतः खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी जोडलेला. त्यातलं एक उत्पादन 2019 मध्ये जगभरातून परत मागवलं गेलं. आपलं कोणतं, हे इम्प्लांट कार्डावर असतं. ताईंचं कार्ड वीजबिलांच्या पिशवीत सापडलं. त्यांचं इम्प्लांट गुळगुळीत निघालं.

मी डॉक्टर नाही, म्हणून प्लास्टिक सर्जनकडे पाठवलं. एमआरआयमध्ये इम्प्लांट शाबूत होतं, पण आवरण घट्ट आवळलेलं. ऑपरेशन करायचं का, ते तुम्ही ठरवा, असं सर्जन म्हणाले.

पुढच्या भेटीत ताईंनी दार लोटून घेतलं आणि हळूच विचारलं, "काढलं आणि नवं बसवलंच नाही, तर चालतं?"

चालतं, मी म्हटलं. अकरा वर्षांत हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.