गावातल्या बंद वाड्याचं संग्रहालय केलं तर टिकेल का?

खानापूर तालुक्यातल्या तुमच्या गावचा वाडा बरीच वर्षं बंद आहे, भाऊबंद तो गावाला द्यायला राजी आहेत आणि तरुण मंडळाला तिथं संग्रहालय करायचंय, असं तुम्ही लिहिलंय. माझं स्पष्ट मत: नुसतं संग्रहालय टिकणार नाही. उद्घाटनाला गाव लोटतं, पुढं किल्ली कुणाकडे आहे तेही सांगता येत नाही. वाड्यात माणसांचा रोजचा वावर हवा. तो असला की सरकलेलं कौल त्याच दिवशी दिसतं. नसला तर वासा कुजून माडी खाली येईपर्यंत पत्ता लागत नाही.

बेळगावच्या किल्ल्यात एकदा जाऊन या. १८९२ साली स्वामी विवेकानंद वनाधिकारी हरिपद मित्र यांच्या ज्या घरी राहिले, ते आज रामकृष्ण मिशनच्या आश्रमात जपलेलं आहे. भोवती आश्रमाचं नित्याचं काम चालतं, म्हणूनच ते घर जिवंत वाटतं.

तुम्ही वाड्याच्या पुढच्या सोप्यात अभ्यासिका काढा. परीक्षेची तयारी करणारी पोरं तिथं पहाटेपासून येतील. मागच्या खोल्या महिला बचत गटाला पापड-शेवयांसाठी भाड्यानं द्या. लाईट बिल आणि दरवर्षीची छपराची शाकारणी कशातून निघणार, हा हिशेब आधी पंचांसमोर मांडा. जुन्या वस्तू आणि कागदपत्रांना माडीवरची एक खोली पुरे.

दुरुस्तीत पहिला पैसा छपराला. आणि हात जोडून सांगतो, भिंतींना सिमेंटचा गिलावा करू नका. जांभा आणि मातीची भिंत पावसाळ्यात ओल पिते, उन्हाळ्यात सोडते. सिमेंटनं ती वाट बंद होते. ओल आतल्या आत वर चढते, गिलाव्याला फुगे येतात, मीठ फुटतं आणि मागचा दगड भुसभुशीत होत जातो. गवंडी सिमेंटचाच आग्रह धरेल, तरी चुनाच वापरा. चुना भिजवून मुरायला वेळ द्यावा लागतो, तेवढा द्या.

तोंडी शब्दावर मात्र राहू नका. वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. तो सगळ्या हिस्सेदारांच्या सह्यांनी, निदान पंधरा वर्षांचा करा. नाहीतर गावानं पैसा घालायचा आणि एकाचं मन बदललं की सगळ्यांनी बाहेर. वाडा केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून ३०० मीटरच्या आत असेल, तर दुरुस्तीलाही आधी परवानगी घ्या.

कागद व्हायला वेळ लागेल. तोवर भाऊबंदांना विचारून मे संपायच्या आत निदान कौलं तेवढी चाळून घ्या.